कच्च्या रंगाची सतरंजी

बसा. चपला बाजूला काढा आणि आधी बसा. मी सतरंजी आहे. उभ्या माणसाशी मी बोलत नाही. उभा माणूस निघायच्या घाईत असतो, त्याला काय सांगायचं?

हां, आता सांगते.

तुम्ही म्हणाल, सतरंजीला काय कळतं? तोंड काय बोलतं ते ऐकायला सगळं जग आहे. बूड काय बोलतं ते फक्त मला कळतं. भाषण रंगात आलेलं असतं, टाळ्या पडत असतात, आणि बोलून खाली बसलेला पुढारी घडी घडी मांडी बदलत असतो. तेव्हाच मी ओळखते, हा गडी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आणि एखादी बाई येते, पदर खोचते, मांडी घालते आणि जमिनीत खुंटी ठोकल्यासारखी बसते. तिला उठवायचं तर सरकारलाच खाली वाकावं लागतं.

अशा एका बाईची ही गोष्ट आहे. जयवंता तिचं नाव. ती आणि मी एकाच घरातल्या.

माझा जन्म नागपूरच्या विणकरांच्या मोहल्ल्यातला. त्या काळी सकाळी गल्लीत शिरलं की घराघरातून मागाचा आवाज यायचा. खटक-खट, खटक-खट. ज्या घरातून आवाज आला नाही त्या घरी शेजारी विचारायला जायचे, "काहून गा, कोणी बिमार आहे का?" मग असं एक साल आलं की एकाही घरातून आवाज येईना. आणि विचारायला कोणी जाईना, कारण सगळीच घरं बिमार पडली होती.

दुखणं एकच. सूत येत नव्हतं. ज्या ऑफिसातून विणकरांना सूत मिळायचं आणि विणलेली लुगडी परत घेतली जायची, त्याच्या दाराला कुलूप. आज या, उद्या या, साहेब दौऱ्यावर आहेत. तिकडे मिलमधल्या एकेक पाळीचा भोंगा बंद होत चाललेला, म्हणजे तिथंही काम मागायची सोय नाही. हात धडधाकट, माग धडधाकट, आणि काम नाही. भुकेल्या माणसाची लोक कीव तरी करतात. काम नसलेल्याला सरळ आळशी म्हणतात. असं म्हणणारे माझ्यावर कधी बसले नाहीत. त्यांच्या घरी सोफे होते.

मोहल्ल्यातला सगळ्यात चांगला विणकर म्हणजे बाबनराव. जयवंताचा बाप. लिंबाखाली बैठक झाली. ठरलं, त्या ऑफिससमोर धरणं धरायचं. "सूत द्या, काम द्या" एवढीच मागणी. मग एकानं विचारलं, "बसायचं कशावर?"

"मंडपवाला देते न भाड्यानं सतरंजी."

बाबनराव उसळला. "विणकर भाड्याच्या सतरंजीवर बसन? अरे, नाक कापून हातात देता का? विणाले काम नाही म्हणून बसाचं अन् दुसऱ्यानं विणलेल्यावर बसाचं?"

झालं. त्याची बायको अनुसया सूप घेऊन घरोघरी फिरली. जिच्याकडे जे उरलंसुरलं सूत होतं ते तिनं सुपात टाकलं. हिरवं, पांढरं, निळं. एकीनं लेकीच्या लुगड्यासाठी पेटीत दडवलेलं हळदी रंगाचं सूत काढून दिलं. लाल मात्र कुठंच नव्हतं. "लाल पट्ट्याशिवाय सतरंजी दिसन कशी?" म्हणून बाबनरावानं पांढऱ्यातलंच थोडं सूत घरच्या घरी घाईघाईत रंगवलं. चौथी पास झालेली आणि त्याच साली शाळा सुटलेली जयवंता कांड्या भरायला, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायला, बसली. लुगड्याचा माग अरुंद, म्हणून बाबनरावानं दोन लांब पट्टे विणले आणि मधोमध शिवून एक केले. ती शिवण अजून आहे. हात फिरवा, लागेल.

अशी मी झाले. कोणाच्या लग्नात पंगतीला अंथरायला मी जन्मले नाही. मोहल्ल्यातल्या शेवटच्या सुताची मी, आणि धरण्यासाठीच माझा जन्म.

मागावरून उतरवल्यावर बाबनरावानं मला उन्हात धरलं, नखानं लाल पट्टा खरवडला आणि सगळ्यांना ताकीद दिली. "हिले पाणी लावाचं नाही. झटकाची, काठीनं झोडाची, उन्हात टाकाची. लाल कच्चा आहे. एकदा भिजली का तो पांढऱ्यात उतरला म्हणून समजा. मंग ना लाल राहीन, ना पांढरं."

अनुसयाचं बोलणं सुतासारखंच सरळ. धरण्याच्या पहिल्या दिवशी मला अंथरताना ती म्हणाली, "माहा बी एक नियम आहे. ज्याले बोलाचं आहे त्यानं हिच्यावर बसून बोलाचं. मंग तो साहेब असो का शिपाई. उभ्यानं बोललेलं हवेत जाते."

लोक हसले. पण नियम टिकला.

पहिल्या धरण्यात मी माणसांचे किती नमुने पाहिले! येतात, फोटो काढतात, जातात, तेही पाहिले. घरून डबा आणून कोपऱ्यात पाठ करून खाणारा पाहिला, आणि एका भाकरीचे तुकडे करून हातोहात पाठवणारी म्हातारीही पाहिली. बसून बसून कमरेत उसण भरलेला एक विणकर दुसऱ्याला म्हणायचा, "मागावर दिवस दिवस बसलो तं काही झालं नाही, इथं रिकामं बसून राहिलो तं कंबर मोडली गा." खरं बोलला तो. कामापेक्षा रिकामपण जड असतं.

मग एके सकाळी टँकर आला. कोणी बडे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार होते. दुभाजकाला रंग लावून झाला होता, रस्ता धुवायचा राहिला होता. एक साहेब पुढे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "सतरंजी घ्या जरा वर. पाचच मिनिटं. रस्ता धुऊन झाला की परत बसा."

"नाही उठत," अनुसया म्हणाली.

पण टँकरचा पाइप सुटला. पाणी उतारानं माझ्याकडे धावत आलं. आणि बाबनराव तीरासारखा उठला.

तो काय पाहत होता ते मला ठाऊक आहे. त्याला धरणं दिसत नव्हतं, साहेब दिसत नव्हता. त्याला फक्त लाल पट्टा दिसत होता, आणि त्याच्याकडे येणारं पाणी. विणकराचा हातच तसा घडलेला असतो. तुटता धागा दिसला की झोपेतही पुढे होतो. "उठा, उठा, भिजून राहिली!" ओरडत त्यानं बायामाणसांना उठवलं, मला घडी घालून खांद्यावर टाकलं आणि पलीकडच्या कोरड्या ओट्यावर नेऊन ठेवलं. एक थेंब लागू दिला नाही.

रस्ता धुतला. पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. बाबनराव मला घेऊन परत आला, तर आमच्या जागेवर पोलिसांनी लाकडाच्या बल्ल्या आडव्या बांधलेल्या. हवालदार म्हणाला, "आता कायले आले? धरणं तं उठलं न तुमचं."

"उठलं नाही जी. सतरंजी भिजत होती म्हणून..."

"सतरंजी उचलली म्हणजे धरणं उठलं. वर तसंच कळवलं."

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, विणकर समाधानानं घरी परतले.

समाधानानं! मोहल्ल्यात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, आणि म्हणे समाधानानं.

पुन्हा तेवढे लोक जमले नाहीत. एकदा मोडलेली बैठक दुसऱ्यांदा तशी बसत नाही. एकेक माग लाकडाच्या भावात गेला. बाबनराव इतवारीत हातठेला ओढायला लागला. ठेला अडला की मागून कोणी तरी हटकून बोलायचं, "काय बाबनराव, सतरंजी वाचली न?" आणि घरी अनुसया. ती भांडायची नाही. भाकर वाढताना एवढंच म्हणायची, "कापडाले जपलं. पोटाले नाही जपलं."

बाबनराव मान खाली घालून जेवायचा. कोपऱ्यात कांद्याच्या डालीशेजारी बसलेली जयवंता बापाचा चेहरा बघायची. मी फळीवरून दोघांना बघायची.

तुम्हाला वाटेल, तिथंच माझी गोष्ट संपली. अहो, धरण्याची सतरंजी कुठं संपते? गरिबी संपली असती तर संपले असते.

मिलचा शेवटचा भोंगा वाजला आणि मिलवाले मला मागायला आले. तेही विणणारेच, पण यंत्रावरचे. माझा काठ चिमटीत धरून त्यातला एक म्हातारा म्हणाला, "हातमागाची आहे. आमच्या मिलनंच ह्यांचे माग खाल्ले, अन् आता आम्हीच ह्यांच्या सतरंजीवर बसून राहिलो." अनुसया म्हणाली, "बसा. भुकेले बसले का सतरंजी नाही विचारत, कोणं कोणाले खाल्लं." 

मग कन्हानकडच्या कोळसा खाणीतले ठेक्याचे मजूर घेऊन गेले. ते उठले तिथं तिथं काळे ठसे. ती काळी भुकटी माझ्या पोटात बसली ती बसलीच. धरमपेठेत धुणीभांडी करणाऱ्या बायांना मालकिणींनी एकदम कामावरून काढलं, तेव्हा त्याही मला घेऊन बसल्या. त्यांना माझा मळ बघून काही राहवेना. "अवं, हिले एक डाव साबण तं दाखवा! आमच्या हातात द्या, बगळ्यावानी करून देतो." त्यांना पाण्याची बंदी सांगितली तर पोट धरून हसल्या. "म्हणजे सतरंजी बी सरकारवानीच आहे. धुतलं का रंग उतरते!"

कोणी जिंकलं, कोणी हरलं, बहुतेकांचं मधेच कुठंतरी अडकलं. पण एक सांगते, बसलेला माणूस बसण्याआधीच्या माणसासारखा राहत नाही. घरी एकटा असतो तेव्हा त्याला वाटतं, काम गेलं हा माझाच दोष. माझ्यावर येऊन बसला की डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि त्याला कळतं, अरे, दोष एवढ्या सगळ्यांचा कसा असेल?

पुढे अनुसया गेली, आणि बाबनराव मला घेऊन लेकीच्या घरी राहायला आला. मला मागायला येणारे कमी झाले. लोक आता प्लॅस्टिकच्या चटया आणतात. हलक्या, धुवायला सोप्या, आणि वाऱ्यानं उडणाऱ्या. फळीवर माझ्या अंगावर डबे आले. एका कोपऱ्याला उंदरानं तोंड लावलं. शेवटी जयवंताच्या नवऱ्यानं मला थंडीत कूलरभोवती गुंडाळून सुतळीनं बांधून टाकलं, धूळ जाऊ नये म्हणून. धूळ माझ्याकडून अडवायची! शहरभरच्या धरण्यांची धूळ पोटात घेऊन मी त्या पत्र्याच्या डब्याला मिठी मारून उभी. उभी! सतरंजीला उभं करणं म्हणजे माणसाला आडवं करण्यासारखंच.

म्हटलं, गेलं आपलं आयुष्य.

आणि गेल्या हिवाळ्यात जयवंतानं सुतळी कापली.

आता जयवंता कोण झाली होती ते सांगते. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत ती कामाला होती. भल्या पहाटे कंपनीच्या गाडीनं जायची. काम तेच, कांड्यांचं, फक्त आता यंत्रावरच्या. नवरा रंगकाम करणारा, आज काम, उद्या नाही. घरात पक्का पगार तिचाच. लेक मिनल नर्सिंगला, तिचं एक वर्ष उरलेलं. म्हातारा बाबनराव दाराशी खाटेवर. सगळं घर तिच्या दोन हातांवर उभं. सुखानं चाललं होतं असं नाही म्हणणार, पण चाललं होतं.

गिरणीत ठेकेदार बदलला. नव्यानं फर्मान काढलं, पंचेचाळीसच्या वरच्या बायांनी उद्यापासून येऊ नये. म्हणे त्यांचा हात जड होतो.

"हात जड होते?" जयवंता गेटवर म्हणाली. "चौथीत शाळा सुटली तवापासून कांड्या भरून राहिली मी. ह्या हाताची एक बसन तं तुले कळन किती जड आहे तं."

बाया हसल्या, पण गेट बंद झालं.

त्याच दिवशी तिनं मला कूलरवरून उतरवलं, अंगणात नेऊन काठीनं झोडलं. अशी झोडली की माझ्या पोटातली सगळ्या धरण्यांची धूळ बाहेर आली. बाबनराव खाटेवरून ओरडला, "कुठं नेऊन राहिली वं तिले?"

"बसाले."

म्हातारा खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "पाणी नको लावू."

"ठाऊक आहे बाबा."

बुटीबोरीच्या गेटसमोर आम्ही बसलो. जयवंताच्या शेजारी पुष्पलता. ही बाई म्हणजे तोंडाची तलवार, आणि हसरी. माझ्यावर चहाचा कप ठेवायला गेली तर जयवंतानं तो उचलून बाजूला ठेवला. पुष्पलता म्हणाली, "सतरंजी आहे का जावई? इतकं जपून राहिली!"

दुपारी गेटातून सुपरवायझर आला. पुष्कर त्याचं नाव. तरुण पोरगा, मनानं वाईट नव्हता, पण नोकरीनं त्याचा कणा मऊ केलेला. तो जयवंताला बाजूला बोलवायला लागला.

"इथंच बोल," ती म्हणाली. "बसून."

तो अवघडून माझ्या काठावर टेकला. आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, सतरंजी तुमची आहे न?"

"हो."

"मंग उचला न. तुमचं काम चांगलं आहे, साहेबालेही माहीत आहे. तुम्हाले परत घेतो म्हणाले. वय वगैरे मी पाहून घेतो. मिनलचं शिक्षण आहे, घर आहे. तुम्ही उचलली की बाकीच्या आपोआप उठतात."

जयवंतानं बंद गेटकडे बघितलं. तिच्या मांडीचा ताण मला कळत होता. पक्का पगार. मिनलचं एक वर्ष. एक घडी घालायची, खांद्यावर टाकायची, बस. तिचा बाप तर फुकटात उठला होता.

मग ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सतरंजी माही आहे पुष्कर. पण हिच्यावर बसलेल्या बाया माह्या नाही. त्याइले विचार. त्या उठल्या तं मी उचलतो."

पुष्पलतानं पुष्करकडे बघून डोळे मोठे केले. "विचार न बाबू! काय विचाराचं होतं?"

पुष्कर उठून गेला. लगेच हुकूम आला, गेटसमोर बसायचं नाही, जागा कंपनीची आहे. बायांनी ठरवलं, चला मग शहरात. थंडीतलं अधिवेशन भरलं होतं, अख्खं सरकार नागपुरात होतं. आम्ही बर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसलो. शेजारी दुसरेही किती तरी मोर्चे. नागपूरकराला त्याचं नवल नाही. थंडी पडली की संत्री येतात आणि मोर्चे येतात.

तिथं बसलो आणि एका सकाळी मी सावध झाले. दुभाजकाला ताज्या रंगाचा वास येत होता. हा वास मी विसरले नव्हते.

टँकर आला.

चालवणारा अश्विन नावाचा पोरगा, कानाला मफलर. खाली उतरून म्हणाला, "मावशी, उठा न जराशा. रस्ता धुवाचा आहे. गाड्या येऊन राहिल्या. पाचच मिनिटं."

पाचच मिनिटं! इतक्या वर्षांत शब्दही बदलला नाही त्यांनी.

जयवंता म्हणाली, "माह्या बापाची पाच मिनिटं अजून संपली नाही रे बाबू. तुही कुठून देऊ?"

त्याला काही कळलं नाही. "मी तं ठेकेदाराचा माणूस मावशी. सांगतील ते करतो. मले तं उद्याची बी गॅरंटी नाही."

"मंग टँकरवर काहून बसला?" पुष्पलता म्हणाली. "इकडे ये. सरका वं, पोट्ट्याले जागा करा."

सगळ्या हसल्या, तोही हसला. तेवढ्यात लांबून त्याचा मुकादम शिट्टी वाजवत ओरडला, "सोड पाणी! पाणी लागलं का उठतीन आपोआप!"

अश्विननं एकदा आमच्याकडे बघितलं. पाइप त्यानं आमच्यावर धरला नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. तोंड पलीकडे करून सोडला. पण रस्त्याला उतार होता, आणि पाण्याला बापड्याला कुठं कळतं?

पाणी येत होतं. रुंद, संथ, वर कचरा तरंगवत. जयवंताचा हात माझ्या काठावर गेला. मुठीत काठ धरला तिनं. मला वाटलं, संपलं. बापाचा हात आहे हा. आता उचलणार.

मला माहीत होतं ती काय ऐकत होती. लाल कच्चा आहे. पाणी नको लावू. मोहल्ल्यातलं शेवटचं सूत, बापानं मागावर विणलेली शेवटची वस्तू, आणि म्हातारा अजून खाटेवर वाट बघत बसलेला.

तिनं तो काठ आपल्या गुडघ्याखाली दाबला. आणि ओरडली, "मुकादम! धुवाचं असन तं आमच्यासकट धू!"

पाणी आलं. थंडीचे दिवस, पाणी असं की हाडात सुई जावी. लुगडी भिजली. पुष्पलता दात वाजवत म्हणाली, "चला वं, घरची आंघोळ तं वाचली!" एकही बाई उठली नाही.

आणि मी भिजले. आयुष्यात पहिल्यांदा. कसं सांगू? इतक्या वर्षांचा कोळसा, माती, चहाचे डाग, घाम, सगळं फुगून वर आलं आणि वाहून गेलं. मग लाल सुटलं. पांढऱ्यात गेलं, हळदीत गेलं, हिरव्याला काळपट करून गेलं, बायांच्या लुगड्यांना लागलं. रस्त्यावरून लाल ओघळ पुढे गेला तसा खालच्या बाजूचा एक माणूस घाबरून ओरडला, "बाईले लागलं का?"

"नाही भाऊ," जयवंता म्हणाली, "सतरंजीचा रंग आहे."

लोक थांबले. मोबाइल निघाले. शेजारच्या मोर्च्यातली माणसं येऊन भिजलेल्या बायांच्या अंगावर आपल्या शाली टाकायला लागली आणि मग तीही माझ्यावर बसली. अश्विननं पाणी बंद केलं आणि टँकरच्या पायरीवर डोकं धरून बसला. मुकादमाची शिट्टी वाजत राहिली, पण तिच्यानं कोणी उठत नव्हतं.

तासाभरानं एक मोठे साहेब आले. कामगारांचं बघणारे. पँट अशी पांढरी की डोळे दिपावे. "दोघीजणी आत ऑफिसात या, बोलू."

"आत नाही येत," जयवंता म्हणाली. "तुम्ही बसा."

"अहो, ओली आहे."

"आम्ही काय वाळलेल्या आहो?"

समोर पंधरा-वीस मोबाइल रोखलेले. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बसले. अनुसयाचा नियम होता तो. अनुसया नव्हती, पण नियम होता. बसल्या बसल्या त्यांनी गिरणीत फोन लावला. दुपारी पुष्करला आणि त्या नव्या ठेकेदाराला बुटीबोरीहून यावं लागलं, तेही बसले. ठेकेदार आधी "मला पाठीचा त्रास आहे" म्हणत होता. पुष्पलता म्हणाली, "आम्हाले पोटाचा आहे. बसा."

दिवस कलेपर्यंत बोलणी झाली. सगळ्या बाया कामावर परत. वयाची अट रद्द. ती गोष्ट तिथं, माझ्यावर, सगळ्यांसमोर बोलली गेली. कायम करून घ्यायची मागणी राहिली, ते भांडण अजून चालू आहे. पण काम परत मिळालं. मिनलचं वर्ष वाचलं.

मग ते तिघे उठले. पाठ फिरवून चालायला लागले आणि बायांमध्ये आधी एक खुसखुस झाली, मग असं हसू फुटलं की पोलीसही तोंडावर रुमाल धरून वळले. तिघांच्याही पँटीला मागून लालभडक गोल! वर काय कळवायचं ते कळवू देत. बूड खोटं बोलत नाही, म्हटलं होतं ना तुम्हाला?

त्या संध्याकाळी जयवंता मला खांद्यावर टाकून घरी निघाली. ओली सतरंजी म्हणजे माणसाएवढं ओझं. पण तिची पावलं बाबनरावाच्या खाटेजवळ जाऊन अडखळली. पोलिसाला न भिणारी बाई बापासमोर मान घालून उभी राहिली.

"बाबा, भिजली."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याची बोटं माझ्यावरून फिरली, त्याच जुन्या सवयीनं, काठापासून शिवणीपर्यंत. लाल पट्टा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते आता त्याला सापडेना. सगळीच मी गुलाबी, तांबूस, डागाडागाची.

"उठले का कोणी?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही."

"कामावर घेतलं?"

"सगळ्याइले."

म्हाताऱ्याची बोटं शिवणीवर थांबली. मग त्याचे खांदे हलायला लागले. जयवंताला वाटलं, रडतो आहे. तो हसत होता.

"लाल कच्चाच होता," म्हणाला. "इतके वर्षं उगीच भेलो वं त्याले. आता उतरला तेवढा उतरला, अजून नाही उतरत. धू आता बिनधास्त. साबण लाव."

दुसऱ्या दिवशी मला साबण लागला. गच्चीवर वाळत घातली तेव्हा म्हातारा खाली खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता, "ती पहा, माही सतरंजी." मागून कोणी काही विचारलं नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

आता मी कूलरला मिठी मारून उभी राहत नाही. जयवंताच्या दाराशी गुंडाळून असते, हाताशी. परवा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया येऊन सांगून गेल्या, लागणार आहे म्हणून. जयवंतानं विचारलंसुद्धा नाही कधी परत देता.

तुमच्यापाशी माझं मागणं थोडंच आहे. मला जपू नका. जपलेल्या सतरंजीनं कोणाचं भलं झालं नाही, हे मी बाबनरावाच्या घरात राहून शिकले. मला पाणी लागू द्या, माती लागू द्या, उन्हात विटू द्या, फाटले तर ठिगळ लावा. तुमच्या शहरातून जाताना रस्त्याच्या कडेला मी अंथरलेली दिसले, तर गाडीची काच वर करू नका. घटकाभर टेका. कोणाचं काम गेलं, कसं गेलं, विचारा. उद्या तुमचंही जाऊ शकतं, तेव्हा जागा मी करीनच, ती चिंता नाही.

चला, फार वेळ बसवलं तुम्हाला. पाय आखडले असतील. उठा आता, चपला तिथंच आहेत.

फक्त उठताना मला उचलू नका. मागून बाया येऊन राहिल्या.